तिसरी हाक

अरण्य बघायला गेलेली नऊ माणसं पाच मिनिटांत पलीकडच्या डांबरी रस्त्यावर बाहेर पडली आणि तिथून सगळी भानगड सुरू झाली. मंडळी हौशी होती. तंबू, दोर, शिट्ट्या, तीन दिवसांचं खाणं असा सगळा जामानिमा पाठीवर लादून आली होती. सरकारी नकाशात ठळक हिरव्या अक्षरांत ‘अरण्य’ लिहिलेलं, तेव्हा निदान वाट तरी चुकावी एवढीच त्यांची माफक अपेक्षा. आत शिरली, जरा जपून पावलं टाकू लागली, तोच समोर बसथांबा. थांब्यावर एक म्हातारी मोजे विणत बसली होती. तिने विचारलं, “काही हरवलंय का तुमचं?” मंडळींनी नकाशा कचेरीला दोन पानी पत्र धाडलं. त्यातलं दीड पान नुसता संताप होता.

पत्र मोजणीदाराच्या टेबलावर आलं, कारण त्या तुकड्याच्या नोंदीखाली त्याची सही होती. सही चोवीस वर्षांपूर्वीची. पत्र वाचायला सुरुवात केल्या केल्या त्याला तुकडा आठवला, आणि त्याने पत्र पालथं घातलं.

मोजणीदार हा कचेरीतला शेवटचा हाकवाला. आता वरून फोटो येतात, यंत्र झाडं मोजतं आणि सगळ्या हिरव्याला एकच नाव देऊन मोकळं होतं. पूर्वी तसं नव्हतं. झाडांच्या तुकड्याला काय म्हणायचं ते ठरवायला दोन माणसं जात. एकाने लाल निशाण घेऊन कडेला उभं राहायचं, दुसऱ्याने आत मधोमध जाऊन हाक मारायची, आणि कडेच्याने ओ द्यायची. ओ लगेच आली आणि शब्दही कळले, तर ती राई. ओ आली पण शब्द कळले नाहीत, तर झाडी. ओ आली पण कुठून आली ते कळेना, तर जंगल. ओ आलीच नाही, तर अशा तीन हाका मारायच्या, दोन हाकांच्या मध्ये शंभरपर्यंत आकडे मोजायचे, आणि तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही तर ते अरण्य. तिसरी हाक मारून झाली की मग माघार नाही. जे असेल ते नोंदवहीत लिहायचं आणि दोघांनी सही करायची.

हा नियम कचेरीच्या पहिल्या मुख्याने घालून दिला होता. तो गृहस्थ काय खाऊन असले नियम काढायचा कुणास ठाऊक, पण त्यावर बेतलेले नकाशे पन्नास वर्षं लोकांच्या खिशात होते आणि एकानेही कुरकुर केली नव्हती. या एका तुकड्याने मात्र साऱ्यांना तोंडघशी पाडलं.

कचेरीतल्या नव्या मुख्य मॅडम समंजस होत्या. त्यांनी पत्र बाजूला ठेवलं आणि वरून काढलेला फोटो पुढे सरकवला. दोन रस्त्यांच्या मध्ये रुमालाएवढा हिरवा तुकडा.

“शंभर-सव्वाशे झाडं असतील,” त्या म्हणाल्या. “याला अरण्य?”

“चूक झाली मॅडम.”

“ते दिसतंच आहे. पण ही नोंद मी नुसती खोडून टाकू शकत नाही. हाकेने केलेली नोंद हाकेनेच बदलायची, असा तुमचाच नियम आहे. पुन्हा जाऊन या. आणि हा रकाना भरा.” त्यांनी नोंदवहीतल्या एका चौकटीवर बोट ठेवलं. वर छापलं होतं: ‘पूर्वीच्या चुकीचं कारण’. त्याखाली बारीक अक्षरांत: ‘दोघांनी वाचून सही करावी’.

“वाऱ्यामुळे ऐकू आलं नसेल,” मोजणीदार पुटपुटला.

“तसं असेल तर तसं लिहा. बरोबर कोणाला नेताय?”

खरा प्रश्न तोच होता. कचेरीतली सगळी मंडळी यंत्रांपुढे बसणारी. निशाण हातात धरून झाडांच्या कडेला उभं राहा म्हटल्यावर एकाची पाठ दुखायला लागली, दुसऱ्याला सर्दी झाली. आणि ज्याने खरं तर यायला हवं होतं, तो भोंगा दोन हिवाळ्यांमागे वारला होता.

भोंगा म्हणजे मोजणीदाराचा अकरा वर्षांचा जोडीदार. नाव आवाजावरून पडलं होतं. तो साधं “चहा घेणार का” म्हणाला तरी शेजारच्या टेबलावरचे लोक हो म्हणत. रविवारी मोजणीदाराच्या घरी यायचा तर गल्लीच्या तोंडापासून कळायचं. मोजणीदाराची बहीण तेव्हा हसू दाबत चहाचं आधण वाढवायची.

ही बहीण पाच वर्षांनी लहान. आज बावन्न वर्षांची, केस निम्मे पांढरे, पण लहानपणी लाडाने पडलेलं छकुली हे नाव काही सुटलं नव्हतं. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून दोघंच. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि मागच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन. कोटांचं अस्तर बदलणं, चेन बसवणं, ढगळ झालेलं आत घेणं, अशी कामं ती घरी करायची. मोजणीदार संध्याकाळी दारात आला की बूट काढता काढता हाक मारायचा, “छकुली, आलो गं!” आतलं मशीन थांबायचं आणि आवाज यायचा, “ओऽ!” मग मशीन पुन्हा सुरू. दिवसभरात दोघांचं याहून फार बोलणं होई असं नाही. पण ती ओ आली की मोजणीदाराला वाटे, झालं, पोचलो.

तर चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. याच तुकड्याकडे निघालेल्या बसमध्ये भोंग्याने, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, खालच्या आवाजात विचारलं होतं, “एक बोलायचं होतं. छकुलीबद्दल. तुझी हरकत नसेल तर...”

मोजणीदार हसला. “तिला काय जन्मभर कानांत कापूस घालून बसवू?”

भोंगाही हसला. मग म्हणाला, “चेष्टा सोड. तिला विचारशील तरी?”

आणि तिथे मोजणीदाराच्या तोंडून ते निघालं. “विचारलंय,” तो म्हणाला. “तिला कळलं होतं तुझ्या मनातलं. नाही म्हणाली.”

त्याने काहीही विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. चहाचं आधण वाढवताना तिचा चेहरा त्याने बघितला होता. तिचं वाईट व्हावं असंही त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. त्याला नुसती भीती वाटली होती. ती गेली तर दोन खोल्यांत आपण काय करायचं, कोणाला हाक मारायची, एवढाच तो हिशेब. हिशेब कसला, निव्वळ स्वार्थ. बाकी शब्द नाही त्याला.

भोंगा खिडकीबाहेर बघू लागला. तुकडा आला, त्याने निशाण घेतलं आणि कडेला उभा राहिला. मोजणीदार आत गेला, मधोमध थांबला आणि हाक मारली. ओ नाही. शंभर मोजले. दुसरी हाक. ओ नाही. आता त्याच्या डोक्यात तिडीक गेली. एवढं काय अंगाला लावून घ्यायचं? त्याने भराभर शंभर मोजले आणि तिसरी हाक अशी मारली की पाखरं उडाली. ओ नाही. बाहेर येऊन बघतो तर निशाण जमिनीत रोवलेलं आणि भोंगा पसार. मोजणीदाराने तिथेच रागारागाने नोंद केली: तीन हाका, ओ नाही, अरण्य. दुसऱ्या दिवशी कचेरीत नोंदवही भोंग्यापुढे सरकवली. वाटलं होतं, आता तरी हा उसळेल, म्हणेल, अरे मूर्खा, सगळं ऐकू येत होतं मला. भोंग्याने नोंद वाचली, खाली सही केली आणि वही परत दिली. महिनाभरात त्याने लांबच्या कचेरीत बदली मागून घेतली.

“हल्ली ते येत नाहीत?” छकुलीने विचारलं होतं.

“बदली झाली.”

“सांगून नाही गेले,” ती म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला. पुढे तिला दोन स्थळं आली. दोन्ही तिने परतवली. का, ते मोजणीदाराने विचारलं नाही. त्याला त्या दोन्ही रात्री झोप मात्र छान लागली, हे त्याला पुढे वर्षानुवर्षं आठवत राहिलं आणि स्वतःची लाज वाटत राहिली. दोन हिवाळ्यांमागे भोंगा गेल्याची चिठ्ठी कचेरीच्या फळ्यावर लागली. घरी येऊन त्याने सांगितलं. मशीन थांबलं. “बरं,” छकुली म्हणाली. मग तिने एका कोटाची बाही उलटी शिवली, उसवली, आणि पुन्हा उलटीच शिवली.

असं हे प्रकरण. आता त्या चौकटीत कारण लिहायचं, आणि जोडीदाराने ते वाचून सही करायची.

“मी येते की,” जेवताना छकुली म्हणाली. त्याने नुसतं सांगितलं होतं की बरोबर यायला कोणी तयार नाही. “निशाण धरायचं आणि ओ द्यायची, एवढंच ना? आयुष्यभर तेच तर करत आलेय.”

मोजणीदाराने हातातला घास ताटात परत ठेवला. नको म्हणायला कारण सुचेना. आणि खरं सांगायचं तर, दुसरं कोणी नव्हतंच.

बुधवारी सकाळी दोघं बसने निघाली. छकुलीने डबा घेतला होता, आणि गारठा होता म्हणून हळदीच्या रंगाचा जुना स्वेटर घातला होता. खिडकीतून बघताना ती लहान मुलीसारखी दर झाडाला विचारायची, “हे काय? राई की झाडी?” तो सांगायचा. एकाच जातीची झाडं दिसली की तीच म्हणायची, “बन!” आणि बरोबर आल्यावर खूश व्हायची. इतक्या वर्षांत आपण हिला एकदाही कामावर आणलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला फार वाईट वाटलं.

तुकडा होता तसाच होता. मधल्या काळात झाडं थोडी जाड झाली होती, बुंध्यांवर शेवाळ चढलं होतं. पलीकडून मोटारी जाताना दिसत होत्या.

“याला अरण्य म्हणाला होतास तू?” छकुली म्हणाली. “डोळे तपासून घ्यायचे होतेस.”

“इथे उभी राहा. मी आत जातो, हाक मारतो. ऐकू आली की ओ द्यायची.”

“हो रे बाबा. ऐकू आली की द्यायची, नाही आली तर नाही द्यायची. कळलं.”

तो आत गेला. सत्तर पावलांवर मध्य आला. मागे वळून बघितलं तर बुंध्यांमधून स्वेटरचा पिवळा रंग दिसत होता, त्याच्यावर निशाणाचा लाल. पायाखालच्या पानांचा आवाज थांबला, आणि त्याने हाक मारली.

“छकुली!”

“ओऽ! काय स्पष्ट ऐकू येतंय रे! थंडी वाजतेय का आत?”

झालं. राई. पहिल्याच हाकेला राई. नियमाप्रमाणे आता बाहेर यायचं, वारा जोराचा होता असं चौकटीत लिहायचं, तिची सही घ्यायची आणि डबा खायचा. ती सही करणार होती. तो सांगेल त्यावर तिने आजवर विश्वास ठेवला होता. मोजणीदाराने एक पाऊल उचललं, आणि तिथेच थांबला. ही खोटी सही तो आपल्या हाताने तिच्याकडून घेणार होता. एक खोटं तिच्या नावावर आधीच खपवलं होतं, आता त्याखाली तिचं अक्षरही घ्यायचं? त्याच्याने ते होईना. आणि समोर उभं राहून, तिच्या डोळ्यांत बघून खरं सांगायचं, तेही त्याला जन्मात जमलं नसतं. इथे मध्ये झाडं तरी होती.

“वारा नव्हता त्या दिवशी,” तो म्हणाला. ओरडला नाही. राईत ओरडावं लागत नाही.

“काय म्हणालास?”

“भोंग्याने तुला मागणी घातली होती. इथे येताना, बसमध्ये. मी त्याला सांगितलं, तुला विचारलं आणि तू नाही म्हणालीस. मी तुला विचारलंच नव्हतं छकुली. तू गेलीस तर मी एकटा पडेन म्हणून मी खोटं बोललो. त्याला माझ्या हाका ऐकू येत होत्या. त्याने ओ दिली नाही.”

एक मोटार गेली. पिवळा रंग हलला नाही.

“छकुली?”

तो थांबला. सवयीने आकडे मोजायला लागला, सत्तेचाळीसपर्यंत आला, आणि मग त्याला पुढचे आकडे आठवेनात. तो बाहेर आला.

ती उभी होती तिथेच होती. निशाण बगलेत धरलं होतं आणि नोंदवही उघडून हातात घेतली होती. चेहरा कोरडा होता. ती रडली असती तर त्याने निदान काहीतरी केलं असतं.

“राई लिही,” ती म्हणाली. “सगळं ऐकू आलं.”

त्याने राई लिहिलं. चौकटीपाशी पेन अडलं. छकुलीने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि शिवणाच्या टाक्यांसारख्या आपल्या लहान, एकसारख्या अक्षरांत चौकट भरली: ‘ऐकू गेलं होतं. ओ दिली नाही.’ खाली सही केली, त्याच्याकडूनही करून घेतली. मग पेन टोपण लावून परत दिलं.

परतीच्या बसमध्ये ती पुढच्या एकट्या सीटवर बसली. खिडकीतून झाडं जात होती. तिने एकाचंही नाव विचारलं नाही. डबा तसाच घरी आला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नोंद वाचली. चौकटीपाशी त्या जरा थांबल्या.

“हे कारण आहे?”

“हो मॅडम.”

“मला नीट कळलं नाही. पण तुम्ही दोघांनी सही केली आहे, म्हणजे बरोबर असणार.” त्यांनी शिक्का मारला. दुपारपर्यंत पडद्यावरचं ‘अरण्य’ पुसलं गेलं आणि तिथे बारीक अक्षरांत ‘राई’ आलं. सर्दीवाल्याने अभिनंदन केलं, पाठदुखीवाल्याने चहा मागवला. चोवीस वर्षांची चूक एका दिवसात निस्तरली म्हणून सगळी मंडळी खूश होती. मोजणीदार चहा प्यायला आणि सहा वाजता घरी निघाला.

दाराशी येऊन त्याने बूट काढायला वाकण्याआधी कान दिला. मागच्या खोलीत मशीन चालू होतं. म्हणजे ती होती. दिवसभर त्याला धास्ती होती की नसेल. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि त्याने रोजच्यासारखी हाक मारली.

“छकुली, आलो गं!”

मशीन थांबलं. तो वाट बघत राहिला. मशीन पुन्हा सुरू झालं.

उंबऱ्यापासून मागच्या खोलीपर्यंत अकरा पावलं होती. चालत जाता आलं असतं. जाऊन काय करायचं ते मात्र त्याला माहीत नव्हतं. त्याने मनात शंभरपर्यंत मोजलं, घाई न करता, एकेक आकडा सावकाश. मग दुसरी हाक मारली, जरा हळू.

“छकुली.”

मशीन थांबलं. या वेळी जरा जास्त वेळ थांबलं. दोरा तोडल्याचा आवाजही त्याला स्पष्ट ऐकू आला. मग पुन्हा टाके पडू लागले.

मोजणीदार एक बूट पायात आणि एक हातात, असा उंबऱ्यावर खाली बसला. त्याने शंभर मोजले. परत एकपासून सुरुवात केली आणि पुन्हा शंभर मोजले. समोरच्या घरात दिवे लागले, कोणीतरी कोणालातरी जेवायला बोलावलं, आणि आतून कोणीतरी ओ दिली. तिसरी हाक त्याच्या ओठांवर होती. तिसरी मारली की मग माघार नसते, जे असेल ते लिहावं लागतं, हे त्याच्याएवढं कोणाला ठाऊक होतं?

त्याने तिसरी हाक मारली नाही. तो तसाच बसून आकडे मोजत राहिला.